डी-१ म्हणजे आम्हीच

२०१८ सालच्या ऑगस्टमधली दुपार. प्रॅक्टिकल चालू होतं, मुली रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून जॅमचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघत होत्या आणि मी खिडकीपाशी उभी राहून मोबाईलवर मेल उघडला. आमच्या पेटंट एजंटचा होता. मजकूर एका ओळीचा : ‘मॅडम, एफईआर आला आहे, जोडला आहे, वाचून फोन करा.’

एफईआर म्हणजे फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट. पेटंट ऑफिसातला परीक्षक तुमचा अर्ज वाचतो आणि तुमच्या आधी जगात कुणी काय करून ठेवलंय ते शोधून काढतो. सापडलेल्या कागदांना तो डी-१, डी-२, डी-३ अशी नावं देतो. डी-१ तुमच्या शोधाच्या सगळ्यात जवळचा, म्हणून सगळ्यात डेंजर. मी मनाची तयारी केली होती की एखादं चिनी पेटंट निघणार. आमच्या विषयात नेहमी तेच निघतं.

डी-१ होतं एका परिषदेच्या गोषवारा-पुस्तिकेचं पान ४७. त्यावर पहिलं नाव माझं, दुसरं आमच्या सरांचं.

आमचं काम सीताफळावरचं. मी मूळची बीडकडची, बालाघाटच्या रांगांमधली. लहानपणी आम्ही सीताफळं विकत घेत नसू, गोळा करत असू. डोळे मोठे झाले, डोळ्यांमधल्या खाचा पांढुरक्या पिवळ्या पडल्या की फळ काढायचं, गवतात किंवा धान्यात दडपून ठेवायचं. मग ते दोन-तीन दिवसांत पिकतं आणि पिकलं की एका दिवसात काळं पडतं. आत गर उत्तम असतो, पण काळं फळ बघून गिऱ्हाईक पुढं जातं. मी पीएचडीत जवसाच्या बियांच्या बुळबुळीत चिकापासून एक खाण्याजोगा लेप केला होता. त्यात फळ बुडवून वाळवलं की काळं पडायला दोन-अडीच दिवस जास्त लागायचे. सगळी गंमत प्रमाणात होती : चीक किती, मेण किती, कुठल्या तापमानाला मिसळायचं. आणि ते प्रमाण, तापमानासकट, पान ४७ वर मी स्वतः टाईप केलेलं होतं. कारण गोषवाऱ्याच्या सूचनांमध्ये लिहिलं होतं, ‘निष्कर्ष आकड्यांसह द्यावेत’. आज्ञाधारक विद्यार्थिनी होते मी.

एजंटला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, परिषद डिसेंबर २०१२ ची आहे, आपला अर्ज फेब्रुवारी २०१४ चा. चौदा महिने होतात. बारा असते तर निदान भांडलो असतो.’

त्या बारा महिन्यांबद्दल सांगते, कारण अर्ध्या प्राध्यापकांना ते माहीत नसतं आणि उरलेल्या अर्ध्यांना चुकीचं माहीत असतं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३१ आहे. शोध लावणाऱ्यानं एखाद्या विद्वत्सभेपुढं निबंध वाचला, किंवा त्याच्या संमतीनं तो त्या सभेच्या कार्यवृत्तात छापला गेला, तर त्यानंतर बारा महिन्यांच्या आत अर्ज केल्यास ते वाचन त्याच्या आड येत नाही. केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनालाही ही सवलत आहे. बस, एवढंच. कुठल्याही जर्नलमधला कुठलाही पेपर यात बसेल असं नाही. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनातला स्टॉल तर नाहीच. लोक म्हणतात, ‘अहो, एक वर्ष असतं की हातात.’ ते अमेरिकेत असतं. तिथं स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्ष मिळतं. युरोपात तेवढंही नाही, तिथं आज छापलंत तर उद्या गेलात.

आता ते चौदा महिने कुठं गेले? परिषदेहून परतल्यावर पंधरा दिवसांत मी सरांना म्हटलं होतं की याचं पेटंट करूया. सर लगेच हो म्हणाले. मग अर्ज विभागप्रमुखांकडून अधिष्ठात्यांकडे, तिथून वित्त विभागाकडे. ‘तरतूद कोणत्या शीर्षाखाली?’ असा शेरा मारून वित्तनं परत पाठवला. बौद्धिक संपदेचं शीर्ष अंदाजपत्रकातच नव्हतं. शेवटी ‘किरकोळ व आकस्मिक खर्च’ यात बसवलं, ज्यात कुंड्या आणि पाहुण्यांचे हार बसतात. तोवर एक उन्हाळा, एक नॅकची तयारी आणि एका अधिकाऱ्याची निवृत्ती होऊन गेली. मी कुणाचं नाव घेत नाही. त्या साखळीतल्या कुणीही मुद्दाम काही केलं नाही, प्रत्येकानं फाईल चार-सहा आठवडे ठेवली, इतकंच. तारखेला घाई आहे हे त्या फाईलवर कुठं लिहिलंच नव्हतं, आणि लिहायला हवं हे मलाही माहीत नव्हतं.

अहवालात दुसराही आक्षेप होता. जवस आणि सीताफळ ही इथली जैवसंपत्ती, तेव्हा चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी कुठंय? तिसरा : हे नुसतं मिश्रण आहे, घटकांच्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम दाखवा. हे दोन्ही सोडवता आले असते. पण डी-१ ला उत्तर नव्हतं. सहा महिन्यांची मुदत गेली, विद्यापीठानं आणखी खर्च करायला नको म्हटलं आणि अर्ज ‘सोडून दिल्याचे मानण्यात आले’. कायद्याची भाषा अशी असते. आपण काहीच सोडत नाही, तसं मानलं जातं.

त्यानंतर वर्षभरात मला विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा कक्षाचं समन्वयक करण्यात आलं. ‘तुम्हाला अनुभव आहे,’ म्हणाले. होताच.

*

या खुर्चीत बसल्यावर मी आधी आमच्यासारखे आणखी कोण कोण फसलेत ते वाचून काढलं. त्यात सगळ्यात धीर देणारी गोष्ट स्टॅनफर्डची निघाली. स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाचा जनुक दुसऱ्यात बसवायची पद्धत काढली आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये पेपर छापून टाकला. पेटंटचा विचार त्यांच्या डोक्यातही नव्हता. स्टॅनफर्डच्या परवाना कार्यालयातल्या नील्स रायमर्स यांना या कामाचा पत्ता लागला तो १९७४ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्क टाइम्समधल्या बातमीवरून. म्हणजे कार्यालय त्याच आवारात, आणि खबर आली न्यूयॉर्कहून! कोहेन तर आधी तयारच नव्हते. त्यांचं म्हणणं, हे काम इतक्या लोकांच्या खांद्यावर उभं आहे, त्याचं पेटंट कसलं घ्यायचं? रायमर्सनी समजूत काढली आणि ४ नोव्हेंबर १९७४ ला अर्ज दाखल झाला, अमेरिकेतलं एक वर्ष संपायला काही दिवस उरले असताना. बाकी जगातला हक्क मात्र पेपर छापला तेव्हाच गेला होता.

आणि तरी नुसत्या अमेरिकेतल्या त्या पेटंटांवर, ती १९९७ मध्ये संपेपर्यंत, साडेपंचवीस कोटी डॉलर जमा झाले. मला त्या पैशांपेक्षा परवान्याची पद्धत आवडते. एका कंपनीला मक्ता न देता मागेल त्याला परवाना, सुरुवातीला दहा हजार डॉलर आणि वर्षाला किमान दहा हजार. ४६८ कंपन्यांनी घेतला. विद्यापीठांतल्या संशोधकांना मात्र ते तंत्र वापरायला परवाना घ्यावा लागला नाही. कंपन्यांना ही रक्कम इतकी परवडणारी होती की पेटंटाविरुद्ध कोर्टात जाण्यापेक्षा चेक फाडणं सोपं होतं. दर ठरवताना हे डोकं ज्यानं लावलं त्याच्या पाया पडावं.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली, हळदीची. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं, दोन भारतीय वंशाच्या संशोधकांच्या नावे. सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, त्याला आव्हान दिलं. त्या वेळी महासंचालक होते रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. आता, ‘आमची आजी लावायची’ हे पेटंट ऑफिसात चालत नाही. आजी छापून यावी लागते. सीएसआयआरनं ३२ संदर्भ काढले, त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा एक पेपरही. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पुढं २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं, आयुर्वेद-युनानीतलं ज्ञान परीक्षकांना वाचता येईल अशा भाषांत मांडून ठेवणारं.

मी हे विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा एखादा हुशार पोरगा हटकून विचारतो, ‘मॅडम, म्हणजे तुमच्या पान ४७ नं तुमचं पेटंट मारलं तसंच त्या १९५३ च्या पेपरनं मिसिसिपीचं मारलं ना?’ अगदी तसंच. ज्या कागदानं मला आडवं पाडलं, त्याच कागदामुळं सीताफळाच्या त्या लेपावर आता जगात कुणालाच मक्ता घेता येणार नाही. याचा मला पुढं पुढं आनंद वाटायला लागला. पूर्ण नाही, पण बराच.

कारण खरं सांगायचं तर आमचा लेप चाललाच नसता. एका पल्पवाल्यानं आणि एका फळपॅकिंगवाल्यानं तो करून बघितला. आम्ही कृती फुकट दिली होती. सीताफळ गुळगुळीत नसतं, त्याच्या डोळ्यांच्या खाचांमध्ये लेप साचतो, तिथं वाळत नाही आणि मग त्या खाचेतूनच बुरशी धरते. प्रयोगशाळेत मी प्रत्येक फळ पंख्यासमोर हातानं फिरवत वाळवलं होतं, दिवसाला चाळीस फळं. पॅकिंगवाल्याकडं दिवसाला चारशे क्रेट. ‘मॅडम, फळ फिरवायला बाया लावल्या तर फळापेक्षा लेप महाग पडंल,’ तो म्हणाला. पेटंट मिळालं असतं तर ते भिंतीवर लागलं असतं आणि तिसऱ्या वर्षापासून त्याची नूतनीकरणाची फी भरत बसलो असतो.

*

म्हणून कक्षात कुणी आलं की मी दोन प्रश्न विचारते. पहिला : कुठं कुठं दाखवलंय? लोक म्हणतात, कुठंच नाही. मग हळूहळू निघतं. विभागाच्या सेमिनारमध्ये बाहेरचे पाहुणे होते. लिंक्डइनवर फोटो टाकलाय. कोड गिटहबवर आहे, ‘पण मॅडम, तो कोण बघतंय?’ एमटेकचा प्रबंध ग्रंथालयात आहे. पीएचडीचा शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाईन भांडारात, चढलाय, कारण तो चढवल्याशिवाय पदवी नाही. यातलं प्रत्येक प्रकाशनच आहे. प्रबंध काही काळ बंद ठेवायची विनंती करता येते, पण ती चढवायच्या आधी करावी लागते. उघड व्हायव्हाच्या दिवशी हॉलमध्ये चहावाला जरी गोपनीयतेच्या बंधनाशिवाय बसलेला असला तरी बोललेलं ते गेलं.

दुसरा प्रश्न : हे विकत कोण घेईल? इथं बहुतेक जण गप्प होतात.

पहिल्या प्रश्नावर इलाज सोपा आहे आणि तो मला २०१२ मध्ये कुणी सांगितला असता तर! प्रोव्हिजनल अर्ज. त्यात दावे, म्हणजे नेमक्या कशाकशावर हक्क सांगतोय ते, लिहावे लागत नाहीत. शोध काय, कसा करायचा, आजवरचे आकडे, एवढं नीट लिहून दाखल केलं की तारीख तुमची. पुढच्या बारा महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा. तो दिला नाही तर प्रोव्हिजनल मरतो, एवढं मात्र डोक्यात हवं. फीचं म्हणाल तर २०२१ पासून शिक्षणसंस्थांना ऐंशी टक्के सवलत आहे. ऑनलाईन अर्जाला १६०० रुपये, जिथं कंपनीला ८००० पडतात. विभागाच्या एका स्वागत समारंभाच्या नाश्त्याचा खर्च. एकदा पावती हातात आली, सीबीआर म्हणतात तिला, की दुसऱ्या दिवशी पेपर पाठवा, पोस्टर लावा, गावभर सांगा. प्रकाशन आणि पेटंट यांचं भांडण आहे असं आमच्याकडं सगळ्यांना वाटतं. भांडण फक्त आधी कोण आणि नंतर कोण याचं आहे, तेही एका दिवसाचं.

मी आमच्या कक्षात एक लाल शिक्का करून घेतलाय. ‘प्रकटन दिनांक’ आणि पुढं रिकामी जागा. परिषद कधी, व्हायव्हा कधी, ते त्यात भरायचं आणि फाईलच्या पहिल्या पानावर मारायचं. वित्त विभागानं सुरुवातीला विचारलं, हा शिक्का कुठल्या परिपत्रकानुसार? मी म्हटलं, पान ४७ नुसार. त्यांना कळलं नाही, पण फाईल तीन दिवसांत आली.

*

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र शिक्क्यात मावत नाही. आमच्याकडून आजवर पैसे देऊन बाहेर गेलेला परवाना एकच, गुऱ्हाळाचा.

आमच्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या एका सरांनी काहिलीतला रस नेमका कधी उतरवायचा ते सांगणारं यंत्र केलं. गूळ करताना ११६ ते ११८ अंशांच्या आसपास तो क्षण येतो. आधी उतरवलं तर गूळ मऊ राहतो, पावसाळ्यात पाझरतो, उशीर केला तर करपतो, रंग जातो. हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. तो उलथन्यानं चार थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांत गोळी वळतो, ती भांड्याच्या कडेवर आपटून आवाज ऐकतो. आमच्या सरांनी त्या आवाजाशी जुळणारी गोष्ट मोजायची युक्ती काढली : ढवळणाऱ्या मोटरवर येणारा ताण, तापमानासोबत धरून. हे मी इथं उघड लिहितेय, कारण अठरा महिने होऊन अर्ज पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालाय. पेटंटचा सौदाच तो आहे. वीस वर्षं मक्ता घ्या, पण कृती जगाला सांगा.

यंत्राच्या चाचण्या दोन हंगाम एका गुऱ्हाळावर चालल्या. तिथले गुळव्या मामा साठीचे. प्रत्येक काहिलीला आधी मामा गोळी वळायचे आणि ‘हं, उतरा’ म्हणायचे, त्या क्षणी आमचा विद्यार्थी लॅपटॉपवर कळ दाबायचा. अशा शेकडो काहिली. यंत्र जे शिकलं ते मामांकडून शिकलं.

पेटंट अर्जाचा फॉर्म १ भरायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, शोधकांच्या रकान्यात मामांचं नाव? एजंटनं सांगितलं ते कायद्याला धरून होतं : गोळीची परीक्षा पारंपरिक ज्ञान, त्यावर पेटंट मिळतच नाही, मिळणार ते मोजण्याच्या युक्तीवर, आणि युक्ती सरांची. बरोबरच आहे. पेपरच्या शेवटी मामांचे आभार मानले, त्यांचं मानधन दिलं. परवान्यातून शोधकांना जो वाटा मिळतो त्यातून सरांनी स्वतःहून काही रक्कम त्यांना दिली. तरीही मला विचाराल तर आमचा फॉर्म १ कायद्यानं बरोबर आणि हिशेबानं चूक आहे. मामांना मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, ‘बाई, माझं नाव घालून काय उपयोग? मशीन आलं की मला कोण बोलावणार हाय?’ त्यांनी ते हसत म्हटलं. मला हसता आलं नाही.

परवाना घेणारे एमआयडीसीतले छोटे कारखानदार. पहिल्या बैठकीला करारनाम्याचा मसुदा मी पुढं सरकवला तो त्यांनी उलटा करून ठेवला आणि त्याच्या पाठीमागं पेनानं हिशेब मांडला. त्यांना मक्ता हवा होता, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. मला कोहेन-बॉयर आठवत होते, सगळ्यांना द्या. पण तिथं तयार तंत्र होतं आणि रांगेत शेकडो कंपन्या. इथं साच्यांवर, यंत्राच्या डब्यावर, वाफेत टिकेल अशा सेन्सरवर पैसा घालणारा एकच माणूस समोर होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाळ्यातल्यालाही तेच देणार असू तर त्यानं का घालावा? तीन वर्षांचा मक्ता द्यायचं ठरलं. त्यात अट अशी की दरवर्षी ठरावीक यंत्रं विकली गेली नाहीत तर मक्ता आपोआप साधा परवाना होईल. सुरुवातीची रक्कम लहान, निव्वळ विक्रीवर ३ टक्के स्वामित्वधन. क्षेत्र फक्त गुळाचं. खव्याला, पाकाला हेच तंत्र कुणी लावायचं म्हटलं तर तो वेगळा परवाना. हे शेवटचं कलम त्यांनी वाचलंच नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच आहे.

खडाजंगी झाली ती प्रकाशनावर. त्यांच्या वकिलानं घातलं होतं, ‘परवानाधारकाच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ या विषयावर काहीही प्रसिद्ध करणार नाही.’ यावर आमच्या त्या विद्यार्थ्याची पीएचडी अडकली असती. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपरची सक्ती उरली नाही, पण नोकरीच्या मुलाखतीत यादी मागतातच. आम्ही असं बदलून घेतलं : मसुदा आधी त्यांच्याकडं पाठवू, साठ दिवसांत त्यांनी सांगायचं की यात आमचं काही गुपित आहे का किंवा नवं पेटंट करायचंय का. साठ दिवसांत काही आलं नाही तर आम्ही मोकळे. आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक प्रायोजित प्रकल्पात मी आता हे कलम आधी बघते, पैशांचं नंतर. आणि पेटंट दोघांच्या नावे करायचा आग्रह असेल तर तिसरं एक बघते : सहमालकाच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. पन्नास-पन्नास टक्के म्हटलं की ऐकायला न्याय्य वाटतं, पण कंपनीनं नुसतं उत्तर द्यायचं टाळलं तरी तुमचे हात बांधलेले.

करार झाल्यावर कारखानदार म्हणाले, ‘आता कागद झाला, माणूस कधी पाठवताय?’ पेटंटात लिहिलेलं वाचून यंत्र उभं राहत नाही हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. आमचा तो विद्यार्थी चार महिने त्यांच्याकडं जाऊन बसला. आजही तिथंच आहे, नोकरीला.

*

पेटंटाचं इतकं बोलले, पण माझ्या अंदाजानं विद्यापीठातल्या दहातल्या नऊ कामांना पेटंट लागत नाही. ती नीट छापून, नीट परवान्यासह मोकळी सोडावीत. नीट परवान्यासह हे मी अनुभवावरून म्हणतेय. सीताफळावरचाच माझा एक पेपर एका मोठ्या प्रकाशकाच्या जर्नलमध्ये आला होता. स्वीकारल्याच्या आनंदात मी कॉपीराइट हस्तांतराचा फॉर्म न वाचता सही करून पाठवला. पुढं शेतकऱ्यांसाठी मराठी पुस्तिका करताना त्यातली एक आकृती हवी होती, फळ काळं कसं पडत जातं ती. माझंच फळ, माझाच कॅमेरा, आणि परवानगी मागायची मी! फोटो त्यांचा झाला, माहिती काही त्यांची झाली नव्हती. म्हणून पुस्तिकेसाठी मी सरळ नवी सीताफळं आणली आणि नव्यानं फोटो काढले. घरी आठवडाभर रबडी.

तेव्हापासून फॉर्मवर सही करण्याआधी मी बघते की स्वीकृत हस्तलिखित आपल्या संग्रहात ठेवता येतं का, किती महिन्यांनी. जमेल तिथं क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, नाव द्या आणि वापरा. २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आल्यामुळं सहा हजारांवर सरकारी संस्थांना जर्नलं वाचायला मिळतात, आम्हालाही, आणि ते झकास आहे. पण तो पॅकिंगवाला, तो कारखानदार, मामांचा बारावीतला नातू यांना त्यानं काही मिळत नाही. आपण मोकळं ठेवलं तरच त्यांना वाचता येतं.

आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. रँकिंगमध्ये पेटंट मोजायला लागल्यापासून व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरतात : ‘पेटंट तयार आहे, आठ शोधकांत दोन जागा शिल्लक.’ पहिलं नाव महाग, आठवं स्वस्त, लग्नातल्या आहेरासारखं. फॉर्म ९ भरून लवकर प्रसिद्ध करून घ्यायचं, मग ‘पेटंट पब्लिश झालं’ म्हणून गुच्छ आणि फोटो. अहो, प्रसिद्ध तर प्रत्येक अर्ज होतो! त्याचा मंजुरीशी काय संबंध? परीक्षणाची फी भरायची वेळ आली की या आठांतलं एकही जण फोन उचलत नाही. माझ्याकडं असे प्रस्ताव आले की मी आठही जणांना एकेक करून बोलावते आणि विचारते, तुम्ही यातलं नेमकं काय सुचवलंत? फार बोलावं लागत नाही. कक्षाची आकडेवारी त्यामुळं घसरते आणि बैठकीत मला त्याबद्दल दरवर्षी ऐकून घ्यावं लागतं. घेते.

*

गेल्या आठवड्यात आमच्याच विभागातली एक मुलगी संध्याकाळी पावणेसहाला दारात आली. हातात पोस्टरची गुंडाळी. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं परिषदेला निघायचं होतं. विषय भिजवलेल्या नाचणीचा, नेमका कुठला ते अजून सांगता येत नाही. ‘मॅडम, सर म्हणाले एकदा तुम्हाला दाखवून जा.’

टेबलावर पोस्टर पसरलं. उजव्या कोपऱ्यात तक्ता, तक्त्यात प्रमाण, प्रमाणाखाली तापमान. सुबक, रंगीत. गोषवारा तिनं दिला होता तो मी मागून घेतला. त्यात सुदैवानं आकडे नव्हते, ‘उत्साहवर्धक परिणाम’ एवढंच होतं. आळशीपणानं वाचवलं पोरीला.

मी एजंटला फोन लावला. तिनं तिथंच बसून लॅपटॉपवर अकरा पानं लिहिली. मध्ये दोनदा रडायला आली, कारण मी म्हणत होते की इथं एकच तापमान नको, कुठून कुठपर्यंत चालतं ते लिही, आणि तिनं ते करून बघितलेलं होतं पण वहीत, आणि वही होस्टेलवर. मैत्रीण वही घेऊन आली. सोबत वडापावही आणले. साडेनऊला कुलसचिवांच्या घरी जाऊन सही घेतली. त्यांनी लाल शिक्का बघितला, ‘उद्याच?’ म्हणाले आणि चष्मा शोधायला आत गेले.

रात्री अकरा चाळीसला एजंटनं पावतीचा फोटो पाठवला. ती मुलगी खुर्चीतच झोपली होती, डोक्याखाली गुंडाळलेलं पोस्टर. मी तिला उठवलं आणि म्हटलं, ते नीट घे, चुरगळेल, सकाळी लावायचंय.